ससा म्हणजे कोणता

आमच्या घरी रायफल होती असं सांगितलं की मराठी माणसं आधी हसतात. मग माझ्याकडे बघतात, मग ह्यांच्याकडे बघतात, आणि म्हणतात, "काकू, काहीतरीच." त्यांचंही बरोबर आहे. ह्यांचा सगळा जन्म गेला इकडच्या वाखनिंगन गावच्या प्रयोगशाळेत, बटाट्याच्या रोगांवर. घरात कोळी निघाला तर कागदावर घेऊन बागेत सोडून येणारा हा माणूस. पण रायफल होती. वर्षभरही टिकली नाही, आणि गेली ती माझ्या एका शब्दापायी. तेच सांगायला बसले आहे.

आधी परवान्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी प्रयोगासाठी नदीपलीकडे एका नासपतीच्या बागेत पट्टा घेतला होता, बटाटे लावायला. तिथे सशांनी धुमाकूळ घातला. कोवळे कोंब सकाळी दिसावेत आणि संध्याकाळी नसावेत. हे बागवाल्याकडे तक्रार घेऊन गेले. बागवाला तेव्हा साठीला टेकलेला, बायको होती त्याची, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "तक्रार करता येते म्हणजे बंदूकही चालवता येईल. शिकून घे." ह्यांना ते लागलं. शिकारीच्या परवान्याचा अभ्यास करायचा ठरला, आणि परीक्षा डच भाषेत.

आता ह्यांचं डच म्हणजे नावाला. प्रयोगशाळेत सगळं इंग्रजी चालायचं. डच यायचं मला. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही, पण शनिवारच्या बाजारात भाजीवाल्यांशी घासाघीस करत आणि वाचनालयातली लहान मुलांची पुस्तकं वाचत ही भाषा मी माझी मी उचलली. तर ह्यांच्या परीक्षेसाठी पत्ते मी केले. पुठ्ठ्याचे तुकडे, एका बाजूला डच, दुसऱ्या बाजूला मराठी. बंदुकीच्या ज्या खटक्याला आपण घोडा म्हणतो त्याला इकडे 'ट्रेकर' म्हणतात, आणि ट्रॅक्टरलाही ट्रेकरच. मी लिहिलं, "त्यांचा ट्रॅक्टर, आपला घोडा." असं केलं की ह्यांच्या लक्षात राहायचं.

जनावरांचे पत्तेही होते. त्यातले दोन मला अजून आठवतात. इकडे ससे दोन. एक 'कोनाइन', लहान, बिळात राहणारा, झाडांची सालं कुरतडणारा. दुसरा 'हास', मोठा, लांब कानांचा, बीळ न करता उघड्या गवतात बसणारा. मराठीत दोघेही ससेच. मग मी लिहिलं, "कोनाइन: कोनाड्यातला ससा. हास: हसत पळणारा ससा." ह्यांनी परीक्षेत दोन्ही बरोबर लिहिले. कारण ते महत्त्वाचं होतं. कोनाइन पिकाची नासाडी करतो, त्याला वर्षभर मारायची मुभा होती. हास मारायचा तो शरद सरताना आणि थंडीच्या सुरुवातीला, ठरलेल्या थोड्या महिन्यांतच, आणि तोही छऱ्यांनी. रायफलच्या गोळीनं कधीच नाही.

पण बागेत हास क्वचितच यायचा. त्यामुळे कोनाड्यातला, हसत पळणारा, हे सगळं गळून पडलं. घरात राहिला नुसता ससा.

मग ते वर्ष आलं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. मुलगी हार्लेमला, तासाभराच्या वाटेवर, पण नात खिडकीतल्यासारखी फोनच्या काचेत दिसायची. बागवाल्याची बायको आधीच गेली होती. तो एकटा, पंचाहत्तरीच्या पुढचा. नेहमी पाच-सहा शिकारी मिळून यायचे त्याच्याकडे, ते यायचे बंद झाले. उन्हाळा लागेपर्यंत नव्या लावलेल्या नासपतींची सालं खालून गोल सोलली गेली. साल गोल सोलली की झाड गेलंच समजा. बागवाल्याचा फोन आला.

"तुझा नवरा काय करतोय?"

"बसलाय."

"मग इकडे येऊन बस म्हणावं. माझ्यापासून दीड मीटरवर. सशांपासून पन्नासवर."

ह्यांच्याकडे जुनी दुनळी होती, छऱ्यांची. पण तिचा धक्का ह्यांच्या खांद्याला सोसवेना. डॉक्टर म्हणाले होते, सांधा झिजलाय. म्हणून रायफल घ्यायचं ठरलं. लहान, टू-टू बोअरची, धक्का जवळजवळ नसलेली. एक गोळी झाडायची, हातानं कडी मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर टाकायचं, कडी पुढे सारून दुसरी गोळी चढवायची. त्याला बोल्ट अ‍ॅक्शन म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव कडीची रायफल. ह्यांची अट एकच, परवडणारी हवी. "ह्या वयात बंदुकीवर किती खर्च करायचा," हे म्हणाले.

दुकान एका खेड्यात, जुन्या गोठ्याच्या अर्ध्या भागात होतं. गल्ल्यावर प्लास्टिकची पारदर्शक भिंत, तिच्या खाली हात धुवायच्या औषधाची बाटली, आणि तिला खेटून बंदुकीच्या तेलाची. दुकानदाराचा मास्क हनुवटीवर. त्यानं तीन रायफली मांडल्या. पहिली नवी, काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. "पावसात विसरलास तरी काही होत नाही." दुसरी जर्मन, अक्रोडाच्या लाकडाची, इतकी सुंदर की मी हात मागे बांधून उभी राहिले. तिसरी चेक बनावटीची, वापरलेली, बीचच्या फिकट लाकडाची. दस्त्यावर कुणाच्या तरी कुंपणाचा ओरखडा.

"ही घे," दुकानदार म्हणाला. "वापरून कडी गुळगुळीत झालीये. नवीला असं व्हायला दहा वर्षं लागतात." त्यानं कडी काढून ठेवली, मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा कपटा धरला आणि नळी आमच्या बाजूला केली. "आत बघ. गंज आहे का, खड्डे आहेत का."

ह्यांनी डोळा लावला. थोडा वेळ तसेच राहिले. मग नळी माझ्याकडे दिली.

"तू बघ."

मला वाटलं, कौतुकानं दाखवताहेत. मी बघितलं. आत चकचकीत गोल जिना होता, वळत वळत उजेडाकडे गेलेला. मी म्हटलं, "अहो, किती सुंदर." हे म्हणाले, "मग घेऊ या." रायफल मी निवडली असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

निघताना दुकानदारानं बजावलं, "आता सुधारणा करायच्या असतील तर पैसे काचेत घाल, लोखंडात नको." काच म्हणजे वरची दुर्बीण. रायफल साधी असली तरी चालते, दुर्बीण चांगली हवी. ह्यांनी मान हलवली. मी ते भाषांतर करून सांगितलं नाही, काच हा शब्द त्यांना कळला होता.

पहिले दोन महिने बरे गेले. संध्याकाळी मी गाडी चालवायची, गाडीसकट नावेतून नदी ओलांडायची, बागेत शेडच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. गाडी मी चालवायची, कारण हे म्हणाले होते, "तुला सवय राहू दे." बाकी जायचं तरी कुठे होतं. दुकानं, हॉस्पिटलं, माणसांची घरं, सगळं थांबलं होतं. न चालवणारा माणूस त्या वर्षी कुणाच्या नजरेत आला नाही.

एकदा मी मालवणी मसाला घालून सशाचं मटण केलं. बागवाला शेडच्या दारात, आम्ही बाहेर खुर्च्यांवर. त्याच्या कपाळावर घाम आला, नाक वाहू लागलं.

"हे सशाला मारायला वापरा," तो म्हणाला. "गोळ्या वाचतील." आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सप्टेंबरात पुण्याला ह्यांचे थोरले भाऊ गेले. कोरोनानंच. दवाखान्यातून थेट नेलं, घरच्यांनी लांबून बघितलं, आम्ही फोनवर. तिकडे कुणीतरी फोन धरून दाखवत होतं. ह्यांनी आपला फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "काय चाललंय ते सांग." मी सांगत गेले. दार उघडलं, बंद झालं, धूर. मला वाटलं, ह्यांना बघवत नाहीये.

त्यानंतर हे फार बोलेनासे झाले. जे बोलायचे ते रायफलबद्दल. रायफलबरोबर आलेली दुर्बीण साधी, चार पटीची. ती बदलून मोठी आणली. मोठी दुर्बीण उंच बसते, मग गाल दस्त्यावर टेकेना. म्हणून मी माझी जुनी योगाची चटई कापली आणि तिची घडी सायकलच्या ट्यूबनं दस्त्यावर गच्च बांधली. गालाला मऊ टेकण झालं. दुकानदारानं बघितलं आणि म्हणाला, विकतची ह्याहून बरी नसते. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग घोडा जड वाटू लागला, त्याची स्प्रिंग दुकानदाराकडून बदलून हलकी करून घेतली. मग गोळ्या. पाच प्रकारच्या पेट्या आणल्या, कारण एकाच रायफलला एक गोळी मानवते, दुसरी मानवत नाही. नेमबाजीच्या मैदानावर तेव्हा वेळ ठरवून दोघा-दोघांना सोडत होते. मी मागे बसून कागदावरची छिद्रं बघायची. एका गोळीची छिद्रं एका नाण्याखाली झाकली जात होती. पण झुपका मधोमध नव्हता, कधी डावीकडे, कधी खाली. हे म्हणाले, दुर्बिणीचा दोष आहे. तिसरी दुर्बीण आली. तिच्यात मधली फुली जाड होती. मग चौथी, तिच्यात मधोमध लाल ठिपका पेटायचा.

मी आता ओळीनं लिहिते आहे तेव्हा मला दिसतंय. मोठी, मग जाड, मग पेटणारी. तेव्हा मी फक्त म्हटलं, "अहो, परवडणारी रायफल म्हणत होतात ना."

"रायफल परवडणारीच आहे," हे म्हणाले.

नोव्हेंबरात ती चौथी बसवायला गेलो. दुकानदारानं ह्यांना रायफल खांद्याला लावायला सांगितली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरायला सांगितला. दुर्बीण गालाच्या अंतरावर बसवायची असते. तो बाजूला उभा राहून बघत होता. मग माझ्याकडे वळून, आवाज जरा उतरवून म्हणाला, "तुझा नवरा वस्तूकडे न बघता तिच्या शेजारी बघतो. मान बघ कशी वाकडी करतोय. माझी आई असं बघायची, डोळ्याला मधलं दिसेनासं झाल्यावर. तपासून घेतलंयत का?"

"काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं. रायफल तशीच खांद्याला.

मी वीस वर्षं ह्यांना ह्या देशाचं भाषांतर करून देत आले होते. पालिकेची पत्रं, डॉक्टरांचं बोलणं, शेजाऱ्यांचे टोमणेसुद्धा. त्या दिवशी मी म्हटलं, "म्हणतोय, थंडीत पातळ तेल वापरा."

का म्हटलं? भाऊ जाऊन दोन महिने झाले होते. दिवसभर हे खुर्चीत असायचे आणि चार वाजले की उठायचे, रायफल तपासायचे, बूट घालायचे. तेवढेच दोन तास ते माणसात असायचे. ते मी काढून घ्यायचे? मी ठरवलं, आपण जवळ बसू, आपण बघू, आपण सांगू. डोळे माझे चांगले आहेत.

आणि तसंच केलं. जानेवारीत संचारबंदी आली, नवाच्या आत घरात. आम्ही त्याच्या कितीतरी आधी परतायचो, बत्तीस वर्षांच्या संसारात आम्हाला नवाच्या पुढे बाहेर काही काम नव्हतंच. मी गळ्यात दुर्बीण अडकवून बसायची आणि हळू आवाजात सांगायची. "ससा. तिसरी ओळ, खांबाच्या उजवीकडे, दोन हात." हे नळी तिकडे वळवायचे. "अजून थोडं." मग बार. कधी लागायचा, कधी नाही. बागवाला म्हणायचा, "तुमची जोडी म्हणजे टँक. एक बघतो, एक झाडतो." आम्ही हसायचो. हे माझ्यापेक्षा जास्त हसायचे.

मार्चमधली गोष्ट. उन्हं कललेली, वारा नदीवरून थेट अंगात. मी तासभर बसले होते, पाय बधिर झाले होते, घरी जाऊन चहा टाकावा असं झालं होतं. बागेच्या कडेला, जिथे ओळी संपतात आणि बांधाचं गवत सुरू होतं, तिथे मला तपकिरी पाठ दिसली. गवतात दबून बसलेली. कान दिसत नव्हते. मी बघितलं, पण नीट बघितलं नाही.

"ससा," मी म्हटलं.

"कुठे?"

"बांधाच्या अलीकडे. पाण्याच्या हौदाच्या डावीकडे, एक हात."

ह्यांनी मान वाकडी केली, गाल माझ्या चटईवर टेकवला. लाल ठिपका पेटवला. घोडा हलकाच होता.

आम्ही चालत गेलो. मी मागे होते, पायाला मुंग्या आलेल्या. हे आधी पोचले, खाली बसले, आणि हातानं चाचपू लागले. मला ते विचित्र वाटलं, आंधळा चाचपतो तसं. त्यांची बोटं कानावर आली, आणि कान संपेचनात. मी जवळ गेले तोवर मला दिसलं. लांब कान, टोकं काळी.

"हा हास आहे," हे म्हणाले.

मी वाकून ती काळी टोकं पुन्हा बघितली.

"तू ससा म्हणालीस."

"ससाच आहे ना," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं. आणि निघाल्या निघाल्या मला पुठ्ठ्याचे ते दोन पत्ते दिसले, माझ्याच अक्षरातले.

ह्यांनी हात गवताला पुसले. मग म्हणाले, "मी बघितलंच नाही. मला मधलं काही दिसत नाही. कडेनं एक तपकिरी डाग होता, आणि तू ससा म्हणालीस."

"कधीपासून?"

"तपासणी झाली होती, सगळं बंद व्हायच्या आधी. पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. उपाय नाही, लक्ष ठेवू. पुढची तारीख त्यांनीच पुढे ढकलली, त्या वेळी सगळ्यांच्याच ढकलत होते. मग पत्र आलं, फोन करून नवी वेळ घ्या." मग म्हणाले, "मी फोन केला नाही."

वारा होता. बांधावरून दोन सायकली गेल्या, आईच्या पुढे एक लहान मूल, पिवळी टोपी. आम्ही दोघांनीही तिकडे वळून बघितलं. ह्यांनी बहुधा आवाज ऐकला.

"बागवाल्याचं मांजरही तपकिरी आहे," हे म्हणाले.

बागवाला काठी टेकत आला. त्यानं खाली बघितलं, आमच्याकडे बघितलं. वाकून हासाच्या पोटावर अंगठा दाबला, दोन ठिकाणी, तीन ठिकाणी. "तीन," म्हणाला. मादी होती, गाभण. मी तोंड फिरवलं.

"हिला जुन्या नासपतीखाली पुरू," तो म्हणाला. "मोसम संपलाय, आणि गोळीनं मारलीये. शिकारमंडळाला कळलं तर तुझा परवाना जाईल. कुणी बघितलं?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण ह्यांना कळलं होतं. ते आपल्या मोडक्या डचमध्ये म्हणाले, "मी नाही बघितलं. तेच तर."

बागवाल्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं टोपी काढली, परत घातली. "किती दिवस?" त्यानं विचारलं, मला. मी म्हटलं, "वर्ष." तो म्हणाला, "आणि मी तुम्हाला टँक म्हणत होतो." फावडं आणायला गेला, आणि जाताना मांजराला हाक मारत गेला. मांजर कुठेतरी शेडमध्ये होतं.

पुरली आम्ही तिला. पण हे गप्प राहायला तयार झाले नाहीत. घरी आल्याबरोबर शिकारमंडळाच्या चिटणिसाला फोन लावायला लावला. बोलले स्वतः, शब्द अडला की माझ्याकडे बघायचे आणि मी तो शब्द द्यायची. डोळ्यांचंही सांगितलं. चिटणिसानं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "लिहून पाठव." परवाना मार्चअखेर संपतो, दर वर्षी नवा करावा लागतो. त्याचा अर्ज टेबलावर पडून होता, अर्धा भरलेला, माझ्याच अक्षरात. ह्यांनी तो घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. कागदाच्या डब्यात, निळ्या झाकणाच्या. तेवढं त्यांनी चाचपून नीट केलं.

जेवताना मी सांगितलं. दुकानदाराचं ते वाक्य, नोव्हेंबरातलं. पातळ तेल खोटं होतं म्हणून सांगितलं. माझा घास हातातच होता.

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "तेलाचं कुणी एवढ्या हळू आवाजात सांगत नाही. आणि 'आई' मला कळतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

दोघांनी वरण-भात संपवला.

रायफल परत द्यायला गेलो तेव्हा दुकान वेळ ठरवूनच उघडत होतं. दुकानदारानं सायकलची ट्यूब सोडली, चटईचा तुकडा माझ्या हातात दिला. "हे तुझं." त्या तुकड्यावर ह्यांच्या गालाचा खळगा पडला होता, थोडा उजवीकडे सरकलेला, मान वाकडी केल्यामुळे. त्यानं विचारलं, दुर्बीण ठेवून घेणार का, पक्षी वगैरे बघायला. हे म्हणाले, "काच नको आता." मग त्यांनी कडी एकदा मागे ओढली, पुढे सारली. गुळगुळीत होती. दुकानदारानं पावती लिहिली आणि आपण होऊन काही बोलला नाही, ह्याचे मी मनात आभार मानले. तेव्हा सांगितलं होतं त्यानं. मीच पोचवलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इथला वसंतातला सण, अंडी लपवायचा. त्या वर्षीही भेटणं नव्हतंच. नात फोनवर आली, हातात चॉकलेटचा मोठा ससा, चांदीच्या कागदातला. मी म्हटलं, "अगं बाई, केवढा ससा." तिला मराठी कळतं, उत्तर मात्र डचमध्ये.

"आजी, हा कोनाइन नाही. हास आहे. कान बघ ना."

"हो गं, हास."

"मराठीत काय म्हणतात?"

"ससा."

"आणि कोनाइनला?"

"त्यालाही ससाच."

ती जरा विचारात पडली. "मग तुम्हाला कळतं कसं कोण आहे ते?"

हे शेजारीच बसले होते, फोनच्या जरा बाजूला बघत. म्हणजे तिच्याकडेच बघत. मी म्हटलं, "आता जेवायची वेळ झाली सोन्या," आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.

जिन्याखालच्या कपाटात रायफलची लोखंडी तिजोरी अजून आहे. भिंतीला पक्की केलेली, काढायला माणूस बोलवावा लागेल. मी त्यात डाळी ठेवते. किल्ली मात्र सवयीनं अजून लपवूनच ठेवते.

बागेत आम्ही अजून जातो. ससे आहेतच. बागवाल्यानं जाळीची गुंडाळी आणली. गेला सबंध हिवाळा आम्ही तिघं नव्या रोपांना जाळीचे पट्टे बांधत होतो, एका रोपाला एक. ते काम ह्यांना जमतं. डोळे लागत नाहीत. ते आधी बोटांनी साल चाचपतात, कुरतडलेलं कळतं त्यांना, माझ्याआधी कळतं. "हे गेलं," म्हणतात, किंवा "हे जगेल." मग तार पिळतात. बागवाला आता खुर्चीवर बसून नुसता सूचना देतो, त्याला धाप लागते. त्या वर्षी त्यालाही कोरोना होऊन गेला होता, तेव्हापासून.

परवा असंच काम चाललं होतं. संध्याकाळ उतरत होती, बांधाच्या गवतात काहीतरी हललं. ह्यांना ऐकू आलं. हात जाळीवरच थांबले.

"काय आहे?"

"ससा," मी म्हटलं.

"कोणता?"

मी बघू लागले. पाठ दिसत होती, तपकिरी. कान दबलेले होते की आखूडच होते, कळेना. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. उजेड कमी झाला होता. आणि मी बघतच होते तेवढ्यात ते गवतात शिरलं.

"गेला," मी म्हटलं.

"कोणता होता?"

"नाही कळलं."

ह्यांनी तार पिळून संपवली, टोक आत वळवलं, बोटानं दाबून बघितलं. मग पुढच्या रोपासाठी हात पुढे केला आणि मी तो हात रोपावर नेऊन ठेवला.

"मग असंच सांगत जा," हे म्हणाले. "नाही कळलं तर नाही कळलं म्हण."